लाल धागा उजव्या पायाचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिगरी दोस्ताला नाही — आणि मी माणूस असा, की साधं पोट दुखलं तरी गोलाईच्या बाजाराला एक चक्कर मारून चार जणांना सांगून येतो. माझ्या पोटात एखादी गोष्ट एवढी वर्षं टिकली, हेच मुळात लातुरात कुणाला पटायचं नाही. पण टिकली. आज तुमच्यापुढं काढतो.

मात्र आधी तो पेनल्टी स्ट्रोक ऐका. ऐकलाय म्हणता? माझ्या तोंडून नव्हे ना — मग ऐकलाच नाही.

आमचा जिल्हा तेव्हा नवाकोरा. कचेऱ्यांवर पाट्या लागल्या होत्या, आत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. सगळंच यायचं होतं, पाऊसही. सलग दुसरं साल कोरडं. विहिरींचा तळ एवढा कोरडा, की आमच्या गल्लीतल्या विहिरीत पडलेला बेडूक धूळ झटकत पायऱ्या चढून वर आला. मी स्वतः पाहिलाय. अशात कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जिल्हा आहे तर जिल्ह्याचा हॉकी संघही पाहिजे आणि तो नांदेडच्या स्पर्धेत उतरला पाहिजे. आता नांदेड म्हणजे हॉकीचं माहेरघर. तिथली लेकरं चालायच्या आधी स्टिक धरतात. आणि आमच्याकडं? आम्ही स्टिक घेऊन निघालो की म्हातारी माणसं विचारायची, ‘म्हसरं कुठं सोडली रं?’

गोलकीपर मी. का? अंगानं रुंद म्हणून. मी उभा राहिलो की गोलात उरलेली जागा शोधावी लागायची.

जुन्या जिल्ह्यानं वाटणीत आम्हाला गोलकीपरचे पॅड दिले — थोरला भाऊ धाकट्याला देतो तसले. कॅनव्हासचे, आत कापूस, एकेक पॅड वासराएवढा जड. कापूस शाबूत होता, पण पट्टे गेलेले. एका पॅडला तीन, असे सहा चामडी पट्टे पायामागून येऊन बक्कलात अडकतात. त्यातले चार पार तुटले होते आणि दोन उन्हानं पापडासारखे झाले होते. पट्टा नसला की पॅड म्हणजे नुसती गादी. ती पायावर राहणार कशी?

म्हणून मी गेलो गफूरचाचाकडं.

चाचा बैलांचा साज बनवायचे. घुंगरांचे पट्टे, गळपट्टे. बारीक चणीचा माणूस, पण हात असा की त्यांनी शिवलेला पट्टा बैल म्हातारा झाला तरी उसवायचा नाही. पण त्या सालात साज कोण करणार? चाऱ्याविना बैलच बाजाराच्या वाटेला लागले होते. बैल जायचे आणि गळ्यातले पट्टे चाचांच्या दुकानात परत यायचे. भिंतीवर नुसते टांगलेले, वारा आला की वाजायचे. चाचांना एकच आशा होती — हे पॅड. खेळाच्या कचेरीतल्या बाबूनं सांगितलं होतं, ‘स्पर्धेत पट्टे टिकले, तर नव्या जिल्ह्याचं चामड्याचं सगळं काम तुमच्याकडं.’ पिशव्या, पट्टे, पोलिसांच्या घोड्यांचे खोगीरसुद्धा. नाही टिकले, तर दुकान बंद. हे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं — एवढं तुम्ही ध्यानात ठेवा.

चाचांनी भिंतीवरचे घुंगरांचे चांगले जाड पट्टे उतरवले, घुंगरं काढली, चामडं करडईच्या तेलात भिजवलं. मला दुकानापुढं उभं केलं आणि जोडीतल्या बैलाचं माप घ्यावं तसं पोटऱ्यांचं माप घेतलं. मग पॅड बांधून मला गोलाईला पुरता एक फेरा मारायला लावला. मी चालतोय, मागं अर्धा बाजार. एका म्हातारीनं तर मला नमस्कार केला.

परत आल्यावर चाचा म्हणाले, "बेटा, एक बात कान खोलून ऐक. बक्कल पायाच्या भायेरच्या अंगाला यायला पायजे. आतून आलं की एका पायाचं दुसऱ्यात गुंततं. उजव्याच्या पट्ट्याला म्या लाल धागा घातलाय. लाल धागा उजव्या पायाचा."

साजाचीही त्यांची हीच रीत. उजव्या बैलाचा पट्टा लाल धाग्यानं शिवायचा, म्हणजे पहाटे अंधारातही गल्लत होत नाही.

मी काय म्हणालो? "चाचा, मला उजवं-डावं शिकवायलेत व्हय?"

"बैलाला शिकवावं लागत न्हाई," चाचा म्हणाले. "त्यो बोलत न्हाई, म्हणून त्याचं ध्यान पायाकडं असतंय."

मी हसलो. सगळेच हसले.

नांदेडला आम्ही काय खेळलो! पहिल्या सामन्यात माझ्या पॅडवर अकरा चेंडू आदळले — मी पंचवीस सांगत आलोय, पण आज खरं बोलायला बसलोय म्हणून अकरा. उदगीरचा आमचा कॅप्टन शिवराजअप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे ओढूनच मैदानात उतरायचा. तो सुटला की धुळीचा लोट मागं आणि हा पुढं. पंच शिट्टी वाजवायचा, पण धुळीत त्याला दिसत नव्हतं कुणासाठी. एकेक सामना काढत आम्ही फायनलला पोचलो. आणि चाचांचे सहाच्या सहा पट्टे? घट्ट. जणू पायाला नवी कातडी आलीय. बाबू रोज येऊन ओढून बघायचा आणि मान डोलवायचा.

फायनल यजमानांशी. अप्पानं पहिल्या हाफात गोल मारला आणि सगळं मैदान चिडीचूप झालं.

हाफटाइमला मी पॅड सोडले. पायांना वारा पाहिजे होता. दोन्ही संघांत मिळून पाण्याची एक घागर. मी लिंबाच्या सावलीत बसलो आणि नांदेडची दहा-बारा माणसं भोवती जमली. जमली, की मी जमवली? तेही सांगून टाकतो — मीच जमवली. त्यांना सांगत होतो, की आमच्याकडं दुष्काळामुळं चेंडू एवढा सुकतो, की येताना शीळ घालतो, म्हणून मी डोळे मिटूनही अडवतो. लोक आ वासून ऐकत होते. तेवढ्यात शिट्टी झाली. गोष्ट ऐन रंगात आलेली, ती सोडवेना. मी बोलता बोलताच पॅड बांधले. नजर लोकांच्या तोंडांवर. पायांकडं एकदाही बघितलं नाही.

लाल धागा डाव्या पायाला गेला. सगळी बक्कलं आतल्या अंगाला.

दुसऱ्या हाफात दोनदा काहीतरी खटकलं. मला वाटलं, खडा असेल. आणि शेवटच्या मिनिटाला आमच्या एकानं गोलात जाणारा चेंडू पायानं अडवला — पेनल्टी स्ट्रोक. समोर त्यांचा सगळ्यात जहाल खेळाडू, मध्ये सात यार्डांची धूळ. नियम असा, की त्यानं चेंडू मारेपर्यंत गोलकीपरनं पाय हलवायचा नाही. मी पाय जुळवून उभा राहिलो. मनाशी ठरवलं — उजवीकडं झेप. ते त्यानं माझ्या डोळ्यांत वाचलं. मी उजवीकडं जाणार, पाय फाकणार, मधे खिंडार पडणार. त्यानं मधोमध हाणला.

आणि मी झेपावलो. म्हणजे कमरेच्या वरचा मी झेपावलो. खालचा जागेवरच, कारण डाव्याचं बक्कल उजव्याच्या बक्कलात जाऊन बसलं होतं. जिथं खिंडार पडायचं, तिथं भिंत उभी. चेंडू त्या भिंतीवर दाणकन आदळला आणि मी तोडलेल्या झाडासारखा त्याच्यावर कोसळलो.

जिंकलो. नव्या जिल्ह्याचा पहिला कप. पोरं अंगावर पडली, मग मला आडवाच उचलून नाचवत नेलं. उभं राहता येत नव्हतं म्हणून आडवा, पण त्यांना वाटलं मी जायबंदी झालोय, आणि त्यानं तर जयजयकार आणखीनच वाढला. खोटं कशाला बोलू, ती पंचवीस पावलं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वरात. माझ्या लग्नाची तिच्यापुढं काहीच नव्हती.

इथवरचं सगळं मी हजारदा सांगितलंय, बक्कलाचं सोडून. आता पुढचं.

शाळेच्या एका खोलीत मला ठेवलं. "कपडे बदलतो" म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि पायांकडं बघितलं. बक्कलाचा काटा दुसऱ्या बक्कलात वाकून बसलेला. ओढलं, मुरगाळलं, हिसडलं — पट्टा ढिम्म. बाहेरून आवाज आला, जिल्ह्याचे मोठे साहेब गोलकीपरला भेटायला यायलेत. साहेब येणार, बघणार, की हा हिरो पॅड उलटे बांधून धडपडला? मघाशी मी ज्यांना गोष्ट सांगत होतो ते सगळे खिडकीत येणार आणि हसणार?

टेबलावर मलमपट्टीची पेटी होती, तीत कापडाच्या पट्ट्या कापायला दाढीची पाती होती.

मी पट्टा कापला. शिलाईच्या अगदी लगत, उसवल्यासारखा वाटावा असा. पॅड पायांवेगळे करून कोपऱ्यात फेकले. साहेब आत आले, मागं बाबू. साहेबांनी लोंबता पट्टा पाहिला आणि विचारलं, हे काय?

"तुटला, साहेब," मी म्हणालो. "शिलाई कच्ची होती. तुटक्या पॅडनं अडवलाय."

सगळे वाहवा करत राहिले. तुटक्या पॅडनं! बाबूनं मात्र वहीत काहीतरी नोंद केली. ती मला दिसली. मी तोंड उघडलं असतं तर ती तिथंच खोडली गेली असती. नाही उघडलं. एवढा बोलका माणूस मी.

लातुरात मिरवणूक निघाली. गोलाईला चाचांच्या दुकानापुढं आली तशी मी मान वळवली, पण अप्पा हौशी — त्यानं ते पॅड चाचांपुढं ठेवले. "चाचा, तुमचा पट्टा दगा देऊन गेला, पर आमचा गडी भारी." चाचांनी पट्टा उचलला. टोकावरून अंगठा फिरवला, एकदा, मग उलटा. म्हणाले, "तुटल्याल्या चामड्याला धाग्यावानी रेशे निघतात, बेटा. ह्याला न्हाईत."

चाचा बघत होते फक्त माझ्याकडं. शंभर माणसं उभी होती, गळ्यात माझ्या हार होते. त्या क्षणी तरी सांगता आलं असतं की नाही?

मी म्हणालो, "जाऊ द्या, चाचा. व्हतंय असं. हात आता थकला तुमचा."

त्यांनी पट्ट्याची सुबक घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "जीतून आलास नव्हं," म्हणाले. "बस."

काम दुसऱ्याला गेलं. दुकानाला कुलूप लागलं. चाचा धर्माबादला लेकीकडं गेले, तिथं मिरचीची पोती शिवायला लागले. खोकत शिवायचे, असं ऐकलं. धर्माबाद काही विलायतेत नाही. त्या वाटेनं मी किती वेळा गेलो असेन — लग्नाला, सोयरिकीला, नुसता फिरायलाही. उतरलो नाही. आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक बैठकीत तो स्ट्रोक रंगवून सांगत राहिलो. दरवेळी पट्टा जरा जास्तच कच्चा होत गेला, कारण पट्टा जेवढा कच्चा तेवढा मी पक्का. एकदा तर मी म्हणालो, म्हाताऱ्याला डोळ्यांनीच दिसत नव्हतं. लोक हसले. चाचा तेव्हा हयात होते. आता नाहीत.

तर ऐका, आणि पुढं कुणाला सांगायचं झालं तर असं सांगा. पहिलं पातं चामड्यात अर्धं जाऊन मोडलं. दुसरं बोथट झालं. तिसऱ्यानं मी पट्ट्याला भिडलो, दोन्ही हातांनी, घामाघूम, बोटं रक्ताळेस्तोवर — आणि तेवढं केल्यावर तो कापला गेला. तोही चामड्यात. शिलाईचा एक टाका हलला नव्हता.