जिजीच्या नळाचं पाणी

आमच्या जिजीने आयुष्यात एकाही उमेदवाराला कामाचा एकही प्रश्न विचारला नाही. तो दारात आला, त्याने हात जोडले, की जिजी आत जायची, नळाखालच्या हंड्यातून स्टीलचा ग्लास भरायची आणि त्याच्या हातात द्यायची. "पानी पे ना भाऊ." बस, एवढंच. मग ओट्यावर मांडी घालून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. सुरतच्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या मिलांच्या शेजारी, आमच्या गल्लीला पाणी कसं येतं हे ज्याला माहितीय त्याला आत्ताच हसू आलं असेल. वास रोजचाच, रंग मात्र त्या दिवसाच्या नशिबावर. कधी फिकट पिवळं, कधी दूध कमी पडलेल्या चहासारखं, आणि एकदा तर चक्क गुलाबी, म्हणजे आई म्हणाली साडी बुडवली तर रंगून निघेल.

जिजी आमच्या समोरच्या घरात राहायची. नात्याची कोणी नाही, पण खानदेशात मोठ्या बाईला जिजी म्हणतात आणि गल्लीतले यूपीवाले, ओडियावालेसुद्धा तिला जिजीच म्हणायचे. अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतला आली ती थेट ह्याच घरात. नवरा लूमवर होता, तो गेला. मुलगा वाल्मीक डाइंग मिलमध्ये. जिजीची जीभ अशी की मिलच्या भोंग्याने तिच्याकडून शिकावं. बोलायची अहिराणीच, समोर गुजराती माणूस असो नाहीतर भैया. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळायचं!

तिचे निकाल ऐकायला तर दुपारी ओट्यावर गर्दी व्हायची. गल्लीतल्या बाया तिथेच बसून साड्यांचे धागे कापायच्या, कैच्या चालू आणि तोंडं पण चालू. एक उमेदवार आला, ग्लास ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. तो कोपऱ्यावर पोचला नसेल तोवर जिजी, "हाऊ नवरदेव शे व माय, घास घेस आन रुसस." दुसरा स्वतःची बिसलरी घेऊन फिरत होता. "हाऊ तर पाव्हना शे, ऱ्हानारा नही." तिसऱ्याने ग्लास घेतला आणि मागच्या पोऱ्याला दिला, त्या बिचाऱ्याने डोळे मिटून पिऊन टाकला. जिजी म्हणे, ह्याला निवडून दिलं तर सही पण तो पोऱ्याच करील. आणि एकाने सांगितलं माझा उपास आहे. तेव्हा जिजीने त्याच्या तोंडावरच म्हटलं, "कोनता देवना उपास शे रे हाऊ, पानीबी चालस नही?" बाया इतक्या हसल्या की एकीने धाग्याबरोबर साडीचा पदरच कापला!

आमचे चालू कॉर्पोरेटर, त्यांना सगळे भाईसाहेब म्हणतात, ते जिजीच्या दारात ग्लास हातात घ्यायचेच नाहीत. लांबूनच दोन्ही हात छातीवर ठेवून म्हणायचे, "बस माजी, हमणां ज पीधुं." आत्ताच प्यायलो. प्रत्येक वेळी आत्ताच प्यायलेले असायचे. जिजी म्हणायची, हा माणूस उंटासारखा आहे, एका इलेक्शनला पितो ते पुढच्या इलेक्शनपर्यंत पुरतं.

हसण्यावारी गेलं असतं हो सगळं. पण परीला कावीळ झाली. परी म्हणजे वाल्मीकची मुलगी, जिजीचा जीव. एकदा झाली, बरी झाली, पुन्हा झाली. डोळे हळदीसारखे, आणि जिजी तिला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची, न बोलता. जिजी न बोलता! सून पाणी उकळून उकळून थकली, गॅसची बाटली महिन्याआधी संपायला लागली. शेवटी वाल्मीकने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "जिजी, ह्या इलेक्शननंतर पाण्याची लाइन बदलली तर बरं. नाहीतर मी पलसाण्याच्या मिलमध्ये जातो, तिथे ते लोक खोली देतात. पोरगी मारायची नाही मला." जिजीला हे घर सोडायचं नव्हतं. घर म्हणजे काय, एक खोली आणि तो ओटा. पण त्या ओट्याशिवाय जिजी म्हणजे काय, तुम्हीच सांगा!

म्हणून ह्या वेळी जिजी सेन्सच्या मागे लागली. सेन्स म्हणजे बघा, आमच्याकडे तिकीट द्यायच्या आधी पार्टी बाहेरगावचे निरीक्षक पाठवते. ते एखाद्या वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, बसतात आणि वॉर्डातले कार्यकर्ते एकेक करून आत जाऊन सांगतात की उमेदवार कोण पाहिजे. इलेक्शनच्या आधीचं इलेक्शनच ते. आणि आमच्या वॉर्डात पार्टीचं तिकीट ज्याला मिळालं तो निवडून आलाच, त्यामुळे खरं काय ते तिथेच ठरतं. गल्लीतल्या आम्ही सगळ्या जणी मिस्ड कॉल देऊन कधीच्या मेंबर झालेल्या होतो, जिजीनेच करवलं होतं.

जिजीचा उमेदवार ठरलेला होता. सुनंदाताई, पलीकडच्या गल्लीतल्या, ब्लाउज शिवतात, पार्टीचं बूथचं काम करतात. त्या पहिल्यांदा जिजीकडे आल्या तेव्हा त्यांनी ग्लास घेतला, वास घेतला आणि विचारलं, "जिजी, हे सकाळचं की संध्याकाळचं? आमच्याकडे संध्याकाळचं जरा बरं येतं." आणि मग प्यायल्या. जिजीने त्याच क्षणी निकाल दिला. "हाई मन्ही बाई." पुढचे सगळे दिवस ती घरोघर फिरत होती. माझ्या मागे पण लागली होती, तू मोबाइलवर लिहितेस ना साड्यांचं, मग सुनंदाचं पण लिही. मी मार्केटमध्ये साड्यांचे फोटो ऑनलाइन टाकायचं काम करते. मी लिहिलं पण, ग्रुपवर टाकलं पण, सुनंदाताईंच्या फोटोखाली एवढं लांबलचक लिहिलं की बाबा म्हणाले, साडी विकतेस का बाई निवडून देतेस?

आणि इथेच जिजीने ते केलं. सेन्सच्या आदल्या दिवशी ओट्यावर सगळ्या जमल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, निरीक्षक एक नाव ऐकून सोडत नाहीत, दुसरं पण विचारतात. मग दुसरं कोणाचं सांगायचं? जिजी म्हणाली, भाईसाहेबांचं. बायांनी कैच्या थांबवल्या. मी तर ओरडलेच, "जिजी! ज्याला काढायचंय त्याचंच?" जिजी हसली. म्हणाली, पोरी, तू लग्नं पाहिली का खानदेशातली? मांडवात ज्याच्याशी आपलं पटत नाही त्यालाच आधी टोपी-टॉवेल द्यावा लागतो. नाही दिला तर तो पंगतीत भांडण काढतो, वऱ्हाड उपाशी उठतं. दिला की गप बसतो. "त्याले टोपी देई दे. नवरदेव त आपलाच शे." उद्या सुनंदा निवडून आली तरी भाईसाहेब इथेच राहणार, त्याच्या ओळखी इथेच, त्याने लाइनच्या कामात खोडा घालायला नको. त्याला कळलं पाहिजे, बायांनी आपलाही मान ठेवला.

सगळ्यांना पटलं! मला पण पटलं, इतकं बरोबर वाटलं ते! आम्ही खानदेशातलीच माणसं ना, मान राखल्याशिवाय आमच्याकडे पानसुद्धा हलत नाही.

वाडीत ही गर्दी. जिजी इस्त्रीची साडी नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून रांगेत सगळ्यात पुढे. आत गेलं की टेबलामागे निरीक्षक, पंखा, आणि "बोलो बेन, कोनुं नाम?" आम्ही सांगितलं, सुनंदाताई. मग ते म्हणायचे, "बीजुं?" म्हणजे दुसरं, आणि आम्ही टोपी द्यायचो. भाईसाहेब. प्रत्येकीने. बाहेर आल्यावर जिजी प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारत होती, घरचं लग्न लागल्यासारखी. परीला घेऊन सून पण आली होती, जिजीने परीला सगळ्यांसमोर सांगितलं, आता तुला साधं पाणी मिळणार बरं का, बिनरंगाचं.

पण मान राखणारी काय एकटी आमचीच गल्ली होती? पुढच्या गल्लीतल्या धुळेवाल्यांनी पहिलं नाव त्यांच्या माणसाचं सांगितलं, दुसरं भाईसाहेबांचं. नंदुरबारवाल्यांनी पहिलं त्यांचं, दुसरं भाईसाहेबांचं. मराठवाड्याच्या बांधकामवाल्यांनी पण तेच. प्रत्येकाचा नवरदेव वेगळा आणि टोपी सगळ्यांची एकालाच! निरीक्षकांच्या कागदावर काय उमटलं असेल ते कळायला शाळेत जायची गरज नाही. तिकिटं जाहीर झाली, भाईसाहेब. फटाके त्यांच्या ऑफिसबाहेर वाजले, आवाज आमच्या ओट्यापर्यंत. त्यांचा एक माणूस पेढे वाटत गल्लीत आला आणि जिजीला म्हणाला, "जिजी, तुमचे तर उपकार. अहो, तुमच्या सगळ्या बायांनी नाव घेतलं आमच्या साहेबांचं!" जिजीच्या हातात पेढा तसाच राहिला. धागे कापायला कोणी कैची उचलली नाही.

सुनंदाताई आल्या त्या दिवशी. रागावल्या पण नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "जाऊ द्या जिजी, पुढच्या वेळी." जिजी परीकडे बघत म्हणाली, "पुढची वेळ कोनले शे वं?"

मग प्रचार सुरू झाला. भाईसाहेब आले, ढोल, हार, मागे मोबाइल धरलेली पोरं. जिजी आत गेली. आई मला म्हणाली, जाऊन धर तिला, आज नको. पण मी पोचेपर्यंत जिजी ग्लास घेऊन बाहेर आली होती. पाणी त्या दिवशी चांगलंच पिवळं होतं. "पानी पे ना भाऊ." आता तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर, हा नाही म्हणेल आणि सगळं सुरत बघेल. मला वाटतं तिला तेच पाहिजे होतं.

भाईसाहेबांनी ग्लास घेतला. आणि प्यायले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मान मागे टाकून, शेवटच्या थेंबापर्यंत, गटगट. मग रुमालाने मिशी पुसली, ग्लास उलटा करून मोबाइलांना दाखवला आणि म्हणाले, "माजीना घरनुं पाणी तो बहु मीठुं छे!" खूप गोड आहे म्हणे. खाली वाकून त्यांनी जिजीच्या पायाला हात लावला. टाळ्या. ढोल.

जिजी तिथेच उभी. मी तिचा हात धरला. एवढंच म्हणाली, "पी गया ना वं तो. आते मी काय बोलू?"

तो व्हिडिओ पूर्ण वॉर्डात फिरला. माझ्याच ग्रुपवर मला चार जणांनी पाठवला! ते निवडून आले. त्यानंतर आम्ही बाया लाइनचा अर्ज घेऊन गेलो त्यांच्या ऑफिसात, परीची औषधाची चिठ्ठी पण नेली होती, जिजीने हट्टाने. तिथल्या माणसाने मोबाइल काढला आणि आम्हालाच तो व्हिडिओ लावून दाखवला. बघा, साहेब स्वतः प्यायलेत तुमच्या घरचं पाणी, त्यांना तर काही झालं नाही. मी भांडले हो, खूप भांडले, गुजरातीत, हिंदीत, मराठीत, घसा बसेपर्यंत! जिजी मात्र स्क्रीनकडे बघत होती, तिचाच हात, तिचाच ग्लास. परत येताना रिक्षात म्हणाली, "मीच दिन्हा ना त्याले गिलास."

त्यानंतर ओट्यावर बाया बसायच्या, धागे कापायच्या, पण निकाल बंद. कोणी मुद्दाम तिला चिडवायला विचारलं, जिजी, अमुक माणूस कसा वाटतो? तर म्हणायची, मला माणसातलं काही समजत नाही. मी तिला म्हटलं, जिजी, चूक तुझी नाही, आपण सगळ्यांनीच टोपी दिली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

परीला तिसऱ्यांदा ताप आला आणि वाल्मीकने टेम्पो बोलावला. सामान काय, दोन कपाटं, गादी, हंडे. जिजीने ओटा पाण्याने धुतला, त्याच पिवळ्या पाण्याने, फडक्याने पुसला. मग टेम्पोत मागे सामानात बसली, पुढे बस म्हटलं तरी नाही, तिला तोंड गल्लीकडे पाहिजे होतं. बाया रडत होत्या. यूपीवाल्या काकी तर हुंदके देऊन. जिजी कोपऱ्यापर्यंत आमच्याकडेच बघत गेली आणि टेम्पो वळला.

आता तिथे दुसरे भाडेकरू आलेत. आमच्या नळाला तेच येतं. उमेदवार, भाईसाहेब, कोणी फिरकत नाही, इलेक्शन झालं ना.

परवा मी जिजीला फोन लावला. परी बरी आहे, खेळते, गाल भरलेत म्हणे. मी म्हटलं जिजी, आणि पाणी? तर म्हणाली काच आहे काच, ग्लासात भरलं तर तळ दिसतो. मला इतकं बरं वाटलं, मी म्हटलं मग सुखी आहेस ना गं? मागे मिलचा आवाज येत होता. ती म्हणाली, इथे कंपाउंडच्या आत खोल्या आहेत, गेटवर वॉचमन, मतं सगळ्यांची आपापल्या गावाला. दिवसभर दारात बसते.

"आठे पानी गोड शे व माय," जिजी म्हणाली. "पन पेवाले कोनी येस नही."