गरम काढलेला प्लाय

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. मी सातवी शिकलेला, शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. लिहिणं माझं काम नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

एका घरी स्वयंपाकघरातला प्लायचा माळा कोसळला. खाली बसलेली बाई भांड्यांखाली दबून मेली. माळा ठोकणाऱ्या, खापा गावच्या सुताराला आम्ही निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात अटक केली. गुन्हा जामिनाचा होता, पण मरण झालेलं, गावातलं कोणी जामीन राहीना. तो जेलात गेला.

"साहेब, माझा एक स्क्रू हलला नाही. प्लायचेच थर सुटले," तो पहिल्या दिवशीच म्हणाला. आरोपी असंच बोलतो, म्हणून मी जबाबात लिहिलं आणि सोडून दिलं.

आठ दिवसांनी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "मौद्याच्या रस्त्यावर प्लायचा कारखाना आहे. तिथं आता डिंक नाही, प्लास्टिक लावतात. पाहून घ्या." नाव सांगितलं नाही.

कोसळलेल्या माळ्याच्या प्लायवर त्याच कारखान्याचा शिक्का होता. गेलो. लाकडाच्या पातळ थरांमध्ये प्लास्टिकचा कागद घालून गरम प्रेसमध्ये दाबत होते. प्रेसवरचा माणूस जुना, अकडू.

"वीस वर्षं झाले प्रेस चालवून राहिलो. मले काय शिकवता?"

रजिस्टर पाहिलं. उष्णता, दाब, वेळ, सगळं बरोबर. हात हलवत परत आलो.

घरी बायको बचत गटाच्या शेवयांच्या प्लास्टिकच्या पिशव्या मेणबत्तीवर चिकटवत बसली होती. मी एक उचलून ओढली. चिकटवलेलं सुटलं.

"काहून ओढता? गरम आहे अजून. दाबून थंड होऊ द्या, मंग धरते."

दुसऱ्या दिवशी प्रेसवाल्याला एवढंच विचारलं, "माल गरम काढता का थंड?"

"गरमच. डिंकाचा माल गरमच काढतात."

"अन् प्लास्टिकचा?"

त्यानं मालकाच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मालकाले इचारा. थंड करत बसलो तर दिवसाचा माल अर्धा निघते म्हणे."

पंचांसमक्ष दोन तुकडे दाबून घेतले. एक गरम काढला, एक प्रेसमध्येच थंड केला. वरून दोन्ही सारखे. सुताराची पटाशी लावली तर गरम काढलेल्याचे थर उलगडले, दुसऱ्याचं लाकूड फाटलं पण जोड सुटला नाही. पंचनामा केला, मालकावर गुन्हा नोंदवला, सुताराला सोडण्याचा अहवाल कोर्टात पाठवला.

आरोपीचं म्हणणं पहिल्याच दिवशी तपासावं, हे मी शिकलो. त्याचे दिवस मात्र जेलात गेले.

ठाणेदारांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे सुचलं कसं गा तुले?" बायकोचं नाव घ्यायची लाज वाटली. म्हणालो, "अनुभव, साहेब."

सुटल्यावर सुतार घरी आला, माझ्या पाया पडला. बायकोनं त्याला चहा दिला, "बस गा भाऊ," म्हणाली. तो कोणामुळे सुटला, हे त्यालाही माहीत नव्हतं अन् तिलाही नव्हतं. मी समोर बसून होतो. तिला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.