पोह्यांच्या ताटलीपुढे शार्क

गावच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण समुद्र पाहिला तो फक्त टीव्हीवर. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, आणि त्यात औषधालाही मासा नाही. अशा माणसाला रिटायर झाल्यावर शार्कचं वेड लागावं! शेजारच्या बीबी गावच्या बाजारात भाजीवाल्या बाया मला पाहून तोंड फिरवायच्या, कारण मी वांगी घेता घेता शार्क सुरू करायचो.

लेकीला पाहायला शेगावहून पाहुणे येणार होते. पाहणं नावालाच, मुलगा तिच्यासोबतच नोकरीला, दोघांचं आधीच ठरलेलं. बाकी होता तो त्याच्या आईचा होकार, मग साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मुलगा दोन वर्षांचा असताना त्याचे वडील गेले आणि बाईंनी एकटीनं त्याला वाढवलं. त्यांचा शब्द शेवटचा.

सकाळीच लेक म्हणाली, "बाबा, मले हेच घर पाह्यजे. आज शार्क नको."

"हाव," मी म्हणालो.

बायकोनं वरून दम भरला, "आज तोंड फक्त पोहे खायले उघडायचं."

पोहे अर्धे होईस्तोवर मी निभावलं. मग मुलाच्या मामांच्या दाढेखाली शेंगदाणा आला आणि ते कळवळले, "दोन दाढा गेल्या बाप्पा, आता काही येत नाई."

आता यावर कोणता मास्तर गप्प बसेल? "शार्कचं बरं असते," मी म्हणालो. "एक दात पडला का मागच्या रांगेतला पुढे सरकते. जन्मभर!"

"काय सांगता!" मामा म्हणाले आणि मी सुटलोच. शार्कच्या अंगात एकही हाड नाही, सगळी आपल्या नाकाच्या शेंड्यासारखी कूर्चा. पृथ्वीवर झाडं यायच्या आधीपासून शार्क आहेत. बायको खाकरली. लेकीनं चहाचा कप जोरात ठेवला. मी आपला जोरात. "आन् मादीले नर लागतेच असं नाई! टाकीत एकट्या ठेवलेल्या काही माद्यांले बाप नसतानी पिल्लं झाली!"

बाप नसतानी. कोणासमोर बोललो ते डोक्यात शिरलं तेव्हा मुलाच्या आईनं ताटली खाली ठेवली होती. मामा उठले, म्हणाले, "कळवतो."

"जिभेले काही हाड हाय का तुमच्या?" बायको दिवसभर बोलत राहिली. ते सोसलं. लेक मात्र एक शब्द बोलली नाही. तीन दिवस माझ्यासमोर चहा ठेवायची आणि निघून जायची. मी अस्सा मूर्ख! जन्मभर पोरांवर 'गप्प बसा' म्हणून ओरडलो, आणि एका सकाळपुरतं मला ते जमलं नाही. न्हाणीघरात जाऊन रडलोसुद्धा.

चौथ्या दिवशी दुपारी मुलाच्या आईचा फोन आला. मी माफी मागायला लागलो, त्यांनी मागू दिली नाही.

"सर, एक विचारू? ते एकटीले पिल्लू होते म्हने, ते पोरगं असते का पोरगी?"

"पोरगीच," मी घाबरत म्हणालो. "दर वेळी पोरगीच."

त्या म्हणाल्या, "मले एकच झालं, तेबी पोरगं. पोरीची हौस राह्यलीच माही. साक्षगंधाले कधी येऊ?"

लेक दारात उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला.