शिलाई मशीन आणि शंभर टक्के बोनस

जर्मन मी माणसांकडून शिकले नाही. माणसं बोलून झाली की थांबतात आणि आपल्या तोंडाकडे बघत राहतात, ते मला सोसत नाही. म्हणून मी कागद वाचायचे. घरभाड्याचा करार, मोबाइलचा, जिमचा. त्यांतल्या बारीक अक्षरांतल्या अटींना इथे जर्मनीत आ-गे-बे म्हणतात. त्या कधी उलट प्रश्न विचारत नाहीत. नवरा चिडवायचा, "लोक सिरीज बघून भाषा शिकतात, ही अटी वाचून शिकते."

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे रेगेन्सबर्गला आल्या. नवरा सकाळीच प्लांटला जायचा, मग घरात आम्ही दोघीच. त्यांनी पुण्यात तीस वर्षं घरी ब्लाउज शिवलेले, दिवसभर बायकांशी गप्पा मारायची सवय. मी इंग्लिश मीडियमची, मराठीतसुद्धा शब्द तपासून बोलणारी. "चहा करू, आई?" "कर." एवढ्यावर पहिला महिना निघाला.

मग एका दुपारी त्या टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात आल्या. ऑनलाइन कॅसिनोची जाहिरात होती. चेरी आणि कलिंगडं गरगर फिरत होती.

"अगं, हे शंभर टक्के कशाचं?"

"बोनस आहे. आपण शंभर युरो भरले तर ते वर शंभर देतात. शिवाय पन्नास फेऱ्या फुकट."

"म्हणजे दोनशे!" त्यांनी पर्समधून घडी घातलेली शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली. "माझ्या शिलाईचे पैसे बदलून आणलेत. घरचं मशीन आता टाके सोडतं. इथून एक जर्मन मशीन न्यायचंय. चौकातल्या दुकानात आहे तसं, दोनशेचं. उघड खातं. आणि ह्याला सांगू नकोस, लगेच भाषण देईल."

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. सासूला तर नाहीच. पण ती नोट गेली तर मशीनही गेलं, हे मला दिसत होतं. मग जे जमतं ते केलं. "आधी अटी वाचते," म्हटलं आणि टॅबलेट पुढे ओढला.

"पहिली अट, खातं जर्मनीत राहणाऱ्याचंच हवं."

"मग तुझ्या नावानं काढ."

"दुसऱ्यासाठी खेळायचं नाही, हेही लिहिलंय."

"हुशार आहेत. पुढं वाच."

"बोनस लगेच काढून घेता येत नाही. आपले शंभर आणि त्यांचे शंभर, मिळून दोनशे. ते तीस वेळा खेळून व्हायला हवेत."

"तीस वेळा फिरवायचं ना? त्यात काय!"

"तीस फेऱ्या नाहीत, आई. दोनशेच्या तीसपट, सहा हजार युरो लावून झाले पाहिजेत. जिंकलेलेच परत लावायचे. एका फेरीला जास्तीत जास्त एक युरो, आणि एक फेरी निदान पाच सेकंदांची. इथला नियमच आहे तसा."

"मग वेळ किती लागेल?"

"जवळजवळ साडेआठ तास. सात दिवसांच्या आत. आणि प्रत्येक फेरीत सरासरीनं थोडं थोडं त्यांच्याकडेच राहतं."

"मधेच पैसे काढले तर?"

"बोनस जातो. त्यावर जिंकलेलंही."

"आणि त्या पन्नास फेऱ्या? त्या तर फुकट आहेत!"

"त्यांत जे मिळेल त्यालाही हीच तीसपट."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी हादरले. महिन्याभरात पहिल्यांदा इतकं बोलले आणि बाईंना रडवलं, असं वाटलं. मग त्यांचे खांदे हलताना दिसले. त्या हसत होत्या.

"अगं, ही तर माझी पाटी! 'चार ब्लाउज शिवा, फॉल-पिको फुकट.' खाली बारीक अक्षरात मी लिहायचे, चारही एकदम आणावेत, अस्तर आमच्याकडचंच घ्यावं, साडी त्याच महिन्यात आणावी. आख्ख्या सोसायटीत एकीलाही फुकट फॉल लागला नाही." त्यांनी डोळे पुसले. "आणि मी निघाले होते दुसऱ्याच्या पाटीला भुलायला!"

मीही हसले. मोठ्यानं. नोट पर्समध्ये परत गेली.

मशीनचं मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. शनिवारी आम्ही नदीकाठच्या फ्लोमार्क्टला, जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. एका म्हाताऱ्या आजोबांकडे झाकणाच्या पेटीत एक फिकट हिरवं मशीन होतं. चिठ्ठी एकशे तीसची. सासूबाईंनी आधी शेजारच्या बश्याच न्याहाळल्या. मग सहज आल्यासारखं मशीनचं चाक हातानं फिरवून कान लावला. "आवाज छान आहे. चेहरा पाडून ठेव. म्हण, ऐंशी."

इथे वाचायला काही नव्हतं. आजोबा थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते. पाठीमागून सासूबाईंचं कोपर लागलं.

"आख्त्सिग," मी म्हटलं.

ते हसले, एकशे दहा म्हणाले. मी नाही अशी मान हलवली. हे मशीन कुणाचं होतं, बायकोनं यावर किती पडदे शिवले, ते सांगत राहिले. मी विचारत राहिले. पंच्याण्णववर जमलं. मग त्यांनी बॉबिनांचा एक डबा आपणहून पेटीवर ठेवला.

"फुकट?" सासूबाईंनी डोळे बारीक केले. "अट काय, ते विचार."

मी विचारलं. आजोबा खो खो हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर, अट आहे! आत्ताच घेऊन जा. मला हे परत गाडीत चढवायला लावू नका."

ते जड होतं. हँडलमधून माझा स्टोल ओवून आम्ही दोघींनी दोन टोकं धरली आणि दर वीस पावलांवर थांबत, हसत, बसपर्यंत आलो. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, मी एका अनोळखी माणसाशी पाव तास जर्मन बोलले होते.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "हे कुठून आलं?"

"बोनस लागला," सासूबाई पोळी उलटत म्हणाल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी बॅगेत मशीनभोवती माझा जाड स्वेटर गुंडाळला आणि चेन लावली.

"आई, तो माझा आहे."

"माहितेय. हवा असेल तर दिवाळीला येऊन घेऊन जायचा. आणि दोन महिने राहायचं. आणि..."

आणखी काय काय होतं ते मी ऐकलंच नाही. मी आधीच हो म्हणून बसले होते.