मागं न बघण्याची शिकवण

मोटोक्रॉस शिकायला मला काय लागलं, याचा हिशेब आधी मांडतो. गाडी, हेल्मेट, छातीचं चिलखत हे पैशात मोजता येतं, ते सोडून द्या. खरा खर्च असा: डाव्या खांद्याचं हाड, दोन्ही अंगठ्यांची नखं, सौभाग्यवतींचा अबोला आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत जपलेली एक समजूत. हाड सांधलं, नखं उगवली, अबोलाही सुटला. समजूत तेवढी गेली ती गेलीच. पण तिच्या बदल्यात मला सिद्रामअप्पा मिळाले, त्यामुळे सौदा महाग पडला असं मी म्हणणार नाही.

अप्पांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. नांदेडच्या गौरव समितीनं लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, "मी मोटारवाला माणूस, मला कुठलं लिहिता येतंय?" समितीचे लोक म्हणाले, "जे ऐकलं ते लिहा." ते मला जमण्यासारखं आहे. लातूरला माझं पाणबुडी मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून, त्यावर दोन पान्हे मांडून मी सुरुवात केली. वर आलो तो कानांच्या जोरावर. बोअरच्या पाइपाला कान लावायचा आणि खाली मोटारीचं काय बिघडलं ते वर न काढता सांगायचं, ही माझी ख्याती. आवाज कुठून येतो हे मी सांगितलं आणि ते चुकलं, असं कुठल्याही बोअरनं अजून म्हटलेलं नव्हतं.

अप्पांची पहिली ओळख अशाच एका मोटारीमुळे झाली. त्यांच्या सरावाच्या मैदानावर धूळ बसवायला पाणी मारावं लागतं, ती मोटार बंद पडली होती. मी पाइपाला कान लावला आणि म्हणालो, "बेअरिंग गेलंय." मोटार वर काढली, बेअरिंगच गेलं होतं. अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "लई भारी कान हायेत तुमचे," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. त्यामागं गरज होती, हे फार उशिरा कळलं.

हे मैदान किल्लारीच्या बाजूला आहे. भूकंपानंतर उठून दुसरीकडे वसलेल्या एका गावाची ही जुनी पांढरी, म्हणजे मूळ गावठाण. गाव गेलं तरी जमीन पांढरीच राहते. भोवतीच्या काळ्या रानात ती दुरून राख पसरल्यासारखी दिसते. बाभळींमधून कुठं उखळ दिसतं, कुठं उंबरा. उंबऱ्याच्या आत खोली नाही, बाहेर गल्ली नाही. भर दुपारी तिथं पाखरू ओरडत नाही. अप्पा याच गावचे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्तीआधीच दर रविवारी इथं मोठ्या वयाच्या नवशिक्यांना मातीवरची शर्यत शिकवायला लागले. इथंच का, असं कुणी विचारलं नाही. जागा फुकट होती, एवढं उत्तर आम्हा व्यापारी लोकांना पुरतं.

तिथं त्यांचा एक रिवाज आहे. पूर्वी जिथं वेस होती तिथं सगळ्यांनी गाड्या बंद करायच्या, हेल्मेट काढायचं आणि गाडी हातानं ढकलत आत न्यायची. सर्वांत पुढे अप्पा. वेशीच्या दोन दगडांपाशी ते थांबतात आणि मोठ्यानं विचारतात, "येऊ का?" मग थोडं थांबून मान हलवतात आणि आत पाऊल टाकतात. पहिल्या रविवारी मी कान टवकारून उभा होतो. उत्तर काही आलं नाही. मान मात्र उत्तर ऐकल्यासारखीच हलली.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पोरग्याला शिकवणं सोपं, त्याला काई येत नसतं. तुम्हाला पंचवीस वर्षांचं चुकीचं येतं. रस्त्यावरची अक्कल वेशीभायेर ठिवा." बसायचं नाही, पायांवर उभं राहायचं. गुडघ्यांनी टाकी धरायची. नजर पुढच्या वळणावर. आणि सर्वांत मोठा नियम, "मागं बघायचं न्हाई. मागचा त्याचं बघून घेईल."

तोच नियम मी मोडला. उडीनंतरच्या तिसऱ्या वळणावर मला मागून गाडी आल्याचं ऐकू आलं. अगदी पाठीशी. लातूरच्या रस्त्यांवर मुरलेला माणूस मागून आवाज आला की काय करतो? डावीकडे घेतो आणि साइड देतो. मी साइड दिली. डावीकडे रस्ता नव्हता, उतार होता.

डोळे उघडले तेव्हा माझ्याबरोबरच शिकणारे देगलूरचे हळदीचे व्यापारी गंगाधरशेठ माझ्यावर वाकलेले. त्यांना घाई झाली की तेलुगू निसटतं. "एवरू लेरू! कुणीच न्हवतं मागं! साइड कुणाला दिली हो, पाव्हण्याला?" सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. ते वळणाकडे बघत होते.

पुढं जे घडलं ते त्यांच्या मायेचं. हात गळ्यात बांधलेला, ऐन उन्हाळा, दुकानात मोटारींचा ढीग. अप्पा रोज सकाळच्या एसटीनं लातूरला यायचे आणि माझ्या जागेवर बसून तारा गुंडाळायचे. मी नुसतं बोट दाखवायचं. जेवणाचा डबाही घरून आणायचे. माझी पत्नी माझ्याशी बोलत नव्हती, पण अप्पांना ताक द्यायची.

एके दिवशी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोणती गाडी व्हती?"

"टू-स्ट्रोक," मी म्हणालो. "आपल्या सगळ्यांच्या फोर-स्ट्रोक, त्या धडधडतात. ही फुटाणे फुटल्यासारखी तडतडत होती. सायलेन्सरची आतली जाळी काढलेली."

अप्पांच्या हातातली तार थांबली.

"महादेवनं काढली व्हती जाळी," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ. गावात कुणी झोपू न्हाई म्हणून. भूकंपात तो गेला, गाडी बी दबली. पांढरीवर फिरायला लागलो तवा पहिल्यांदा ऐकलं. म्हणून तर तिथं मैदान केलं. आता कारखान्याच्या मशिनींनी माझे कान नेले. जवळचं बोलणं तेवढं कळतं. दोन-चार वर्सं झाली, ती गाडी काई ऐकू येत न्हाई. म्हटलं, तो आता येत नसंल." मग त्यांनी पुन्हा तार गुंडाळायला घेतली. "येतो म्हणायचा."

माझ्या अंगावर काटा आला. पण मी पोतं अंथरून वर आलेला माणूस. काट्यावर भागत नाही, कारण लागतं. हात बरा होताच मी पहार घेऊन त्या वळणावर गेलो आणि जमीन ठोकत निघालो. ठक, ठक, ठक, आणि एका जागी ढब. खाली पोकळी. पेव! जुन्या लोकांनी ज्वारी साठवायला खणलेलं जमिनीखालचं कोठार. तोंडावरची माती वीतभर उरली होती. एखादी गाडी जोरात आदळली असती तर माणसासकट आत. आम्ही तोंड उघडलं. आत टॉर्च मारला तर रिकामं. पण वास आला तो नुकत्याच मळलेल्या ज्वारीचा. गंगाधरशेठ दोन पावलं मागं सरले.

मी छाती पुढं काढली. "अप्पा, आपल्याच गाडीचा आवाज पेवात घुमतो आणि पातळ होऊन मागं येतो. कान फसतो. हे भरा, मागची गाडी बंद. माझ्या शब्दावर लिहून घ्या."

अप्पांनी विचारलं, "भरलं तर तो येणार न्हाई?"

"न्हाई."

एका बाजूला विहीर, दुसरीकडे डांबरी रस्ता. मैदान सरकवायला जागा नव्हती. पेव भरायचं, नाहीतर मैदान बंद. आणि उघडंच ठेवलं असतं तरी अप्पांना अडवणारं कोण होतं? ते पेवाच्या काठावर उकिडवे बसले, डोळे मिटून, कानामागं हात धरून. मग उठले. "नवं माणूस खाली गेलं तर त्याच्या घरी मी काय सांगू? भरा." मुरुमाचं पहिलं घमेलं त्यांनी स्वतः ओतलं आणि वळणाकडे पाठ करून उभे राहिले. माणसाची किंमत मी ज्या दिवशी पाहिली तो हा दिवस.

त्यानंतर अप्पांनी त्या गाडीचं नाव काढलं नाही. नांदेडच्या नवशिक्यांच्या शर्यतीत माझ्या मागं खरोखरच्या गाड्या होत्या. मी एकालाही साइड दिली नाही आणि तरीही शेवटून दुसरा आलो. अप्पांनी पेढे वाटले. "पडला न्हाई, मागं बघितलं न्हाई. अजून काय पायजे?"

आम्ही शिष्यांनी ठरवलं होतं की या सोहळ्यात शालीबरोबर अप्पांना कानाचं यंत्र द्यायचं. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "आता ऐकायचं काय राहिलंय?" त्यांना दीर्घायुष्य लाभो, गुडघे धडधाकट राहोत, वेशीपाशी "येऊ का" म्हणणारा हा आवाज आणखी पुष्कळ वर्षं खणखणीत राहो, हे मागणं आम्हा सर्वांचं आहेच. माझं एकट्याचं मागणं एवढंच की अप्पांनी ते यंत्र घ्यावं आणि पुढच्या रविवारी तिसऱ्या वळणावर लावून उभं राहावं. पेव भरल्यापासून त्या वळणावरून मी बऱ्याच वेळा गेलो आहे. जे ऐकलं ते घाईनं बोललो नाही, कारण एकदा शब्द देऊन बसलो होतो. साक्षीदार मिळेपर्यंत थांबलो.

मुखेडच्या सुनंदाताई शिक्षिका आहेत. अप्पांच्या रविवारच्या वर्गात नव्या आल्या आहेत आणि त्यांना यातलं कुणी काहीही सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी तिसऱ्या वळणावर त्यांनी अचानक गाडी डावीकडे घेतली. सावरल्या, थांबल्या आणि हेल्मेट काढून रागानं म्हणाल्या, "कोण आहे तो, जाळी काढून चालवतोय?"

पेव काठोकाठ भरलेलं आहे. मी पहारीनं ठोकून पाहिलं.