मोकदाद मास्तरांचा अर्ज

मोकदाद मास्तरांनी समुद्रकाठच्या महदिया गावातल्या शाळेत आयुष्यभर अरबी व्याकरण शिकवलं. बायको मन्नूबिया गेली आणि त्यांना घर खायला उठलं. तेव्हा त्यांनी वही उघडून तिच्या आठवणी लिहायला घेतल्या. वर्ष भरत आलं तोवर साठ पानं झाली होती.

दर शुक्रवारी मन्नूबियाची थोरली बहीण शेलबिया – मास्तर तिला मानानं 'लल्ला' म्हणत – मासळी घातलेला कुसकुस घेऊन यायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून एका शुक्रवारी मास्तरांनीच वाचून दाखवलं.

"ती मितभाषी होती. तिचा आवाज कधी चढला नाही. संध्याकाळच्या समुद्रासारखी ती शांत..."

कुसकुस वाढणारा शेलबियाचा हात थांबला. "मास्तर, ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? मन्नूबिया!"

"आमची मन्नूबिया? ती धक्क्यावर भाव करायला लागली की मेलेले मासेसुद्धा दचकायचे! आम्हाला न कळवता दुसरं लग्न केलं होतंत की काय?"

"लल्ला, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं," मास्तर रागावून म्हणाले.

"मग चांगलं लिहा ना! हे तर अळणी झालंय."

मास्तरांनी घुश्शातच पान उलटलं. पुढे त्यांच्या बदलीची हकिगत होती. तरुणपणी त्यांची बदली दूर वाळवंटाकडच्या गावी झाली होती. त्यांनी तीन दिवस खपून असा फर्डा अर्ज लिहिला, की शिक्षण खात्याच्या साहेबांनी बदलीच रद्द केली. प्रत्येक पाहुण्याला ते हे सांगायचे आणि मन्नूबिया चहा ओतता ओतता म्हणायची, "हो तर! काय अर्ज होता तो!"

वाचून होईतो शेलबिया ओढणीचा बोळा तोंडाशी धरून हसत होती.

"काय झालं?"

"नको मास्तर. तिनं शपथ घातलीय."

"आता कोण जाब विचारणार आहे? सांगा."

"तुमचा अर्ज साहेबांनी फोडलाही नव्हता. तुम्ही शाळेत गेलात की ती तुमची दोन्ही जुळी पोरं काखोटीला मारून साहेबांच्या कचेरीत जायची. दुपट्यांची पिशवी घेऊन मी मागे. पोरांना दात येत होते! साहेबांनी पेन उचललं की एक भोकाड पसरायचा, खाली ठेवलं की दुसरा. तिसऱ्या दिवशी साहेबच हात जोडून म्हणाले, बाई, नवरा इथंच ठेवा, पण ही पोरं न्या!"

मास्तरांचे कान लाल झाले. "मला बोलली का नाही कधी?"

"मीही तिला तेच विचारलं होतं. म्हणाली, त्या अर्जाचा त्यांना केवढा आनंद आहे, बघतेस ना? राहू दे."

मास्तरांनी वहीवर मान घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. शेलबिया घाबरली, पण ते हसत होते. "लल्ला, त्या अर्जातली वाक्यं मी शाळेतल्या पोरांना नमुना म्हणून शिकवलीत हो!" वर्षभरात ते रडले पुष्कळ होते, हसले ते त्या दिवशी.

त्यांनी नवी वही आणली आणि खरीखुरी मन्नूबिया लिहायला घेतली. तिला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी शेजारणी अंगणात जमल्या आणि मास्तर वाचू लागले. दर दोन ओळींनी कुणीतरी मधेच बोले. "छे, दोन नाही, तीन बश्या फोडल्या होत्या तिनं!" मास्तर खोडत, समासात लिहीत.

लग्नाआधीच्या मेंदीला तिनं कुठला पोशाख घातला होता, यावर तर बायकांची जुंपलीच. कुणी म्हणे हिरवा, कुणी म्हणे जांभळा.

"डाळिंबी," मास्तर म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मेंदीला पुरुषांना मज्जाव असतो.

"तुम्हाला काय ठाऊक?" शेलबियानं डोळे बारीक केले. "कुठून बघितलंत?"

मास्तरांनी वही मिटली. "ते मी लिहिणार नाही."