फोटोपुढे तीनदा

माझी हाँगकाँगची मैत्रीण आणि मी मँचेस्टरच्या एकाच हॉस्पिटलात नर्स. ती चिनी चर्चमध्ये संडेस्कूलचा वर्ग घ्यायची, मी नगरकडची ख्रिस्ती, त्यामुळे डबा खाताना बायबलवरून आमचं भांडण ठरलेलंच.

गेल्या हिवाळ्यात तिचे वडील इथेच गेले. ते शेवटपर्यंत ख्रिस्ती झाले नव्हते, आईही नाही. अंत्यविधीला मुलीनं वडिलांच्या फोटोपुढे कमरेतून तीनदा वाकावं, एवढंच त्या म्हातारीचं म्हणणं. चर्चच्या कमिटीचं म्हणणं वेगळं. फुलं ठेव, प्रार्थना कर, पण वाकणं म्हणजे पूर्वजांची पूजा. वाकलीस तर वर्ग सोडावा लागेल. त्या वर्गावर तिचा जीव होता.

तिच्याबरोबर मी पाळकांना भेटायला गेले. तरुण होते, भले होते. म्हणाले, "हा वाद आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललाय. आधी मिशनरी आपसात भांडले, आता आम्ही भांडतोय."

"मग मेलेल्या माणसानं किती दिवस थांबायचं?" मी फटकन बोलले. त्यांना राग आला नाही, याचाच मला राग आला.

बाहेर ट्रामच्या स्टॉपवर तिनं विचारलं, "तू काय केलं असतंस?"

उत्तर टाळणं मला सहज जमलं असतं. पण मी सांगितलं. माझी आई लग्नानंतर ख्रिस्ती झाली, तिचे वडील हिंदूच राहिले. ते गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि धर्मशास्त्र पार डोक्यात भिनलं होतं. सगळे पाया पडत होते. मी साऱ्या गावादेखत हात पाठीमागे धरून उभी राहिले. ज्यांनी मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्यांच्या पायांना मी हात लावला नाही. आई त्यावर आजतागायत एक अक्षर बोललेली नाही. मला त्याची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

ट्राम आली, आम्ही बसलो.

अंत्यविधीच्या दिवशी तिनं फुलं ठेवली, प्रार्थना केली आणि दोन पावलं मागे सरली. कमिटीची माणसं पुढच्याच रांगेत होती. म्हातारी फक्त मुलीकडे बघत होती. मग मुलगी वाकली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा तिला वर यायला बराच वेळ लागला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम तिच्या चर्चमध्ये गेले. वर्ग दुसरंच कोणी घेत होतं. ती शेवटच्या बाकावर होती आणि शेजारी तिची आई. दहा वर्षं बोलावूनही या बाईंनी चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता.

"या कशा आल्या?" मी कुजबुजले.

"वर्ग गेला हे तिला कळलं. म्हणाली, तू तिथे एकटी बसशील."

मी म्हातारीच्या दुसऱ्या बाजूला बसले. प्रार्थना सुरू झाली, आणि आपले हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.